काठीमागच्या मोकळ्या जागा

"टक्के, आता तुम्ही सुटलात!" साहेब म्हणाले आणि टक्क्यांच्या पोटात दुखायला लागलं.

बसकंपनीच्या हरवल्या-सापडल्या वस्तूंच्या या कार्यालयात त्यांना खऱ्या नावाने कोणीच हाक मारत नसे. गिऱ्हाईक 'छत्री' म्हणालं की ते डेटाबेससाठी क्वेरी, म्हणजे संगणकातल्या नोंदींत शोध घ्यायचा हुकूम, लिहायचे. शब्दाच्या मागेपुढे टक्क्याचं चिन्ह टाकायचं, म्हणजे नोंदीत आजूबाजूला काहीही लिहिलेलं असो, छत्री सापडायचीच. त्यावरूनच ते टक्के. प्रत्येक वस्तूला नवी क्वेरी, आणि ती लिहिता यायची एकट्या टक्क्यांना. रजा घेतली तरी घरी फोन यायचा. बायको कुरकुरायची, हे सुखावायचे.

आता ही नवी मुलगी आली होती. तिने क्वेरी एकदाच लिहिली आणि शब्दाच्या जागी व्हेरिएबल, म्हणजे हवा तो शब्द मावणारा रिकामा डबा, ठेवलं. खिडकीवरच्या कोणीही स्क्रीनवरच्या चौकटीत शब्द भरावा, व्हेरिएबल तो उचलून दोन टक्क्यांच्या मधे बसवणार. मग टक्क्यांचं काम काय? साहेब तर तिचं कौतुक करताना थकत नव्हते. हल्ली कॉफीसुद्धा आधी तिच्या टेबलावर जाते, हे टक्क्यांनी बरोबर टिपलं होतं.

नवी पद्धत सुरू झाली त्या पहिल्याच दिवशी खिडकीवर एक आजी आल्या. "आमच्या यांची काठी हो. ते गेले, काठी तेवढी राहिली होती. तीही मी मेली बसमध्ये विसरले."

मुलीने चौकटीत 'काठी' लिहिलं. एकही नोंद नाही. पुन्हा लिहिलं. नाहीच.

टक्क्यांना लगेच कळलं. तिने व्हेरिएबल ठरावीक लांबीचं घेतलं होतं. शब्द आखूड पडला की उरलेली लांबी मोकळ्या जागांनी भरते, आणि मग यंत्र नुसती काठी शोधत नाही, तिच्यामागच्या सगळ्या मोकळ्या जागांसकट शोधतं. तशी नोंद कुठून असणार? सुरुवातीला व्हेरिएबल वापरून पाहिलं तेव्हा ते स्वतःही असेच फसले होते. पण आता त्यांना इतकं बरं वाटलं, की लाज वाटायचीही राहून गेली.

"थांबा आजी," म्हणत त्यांनी आपली क्वेरी लिहिली. काठी मिळाली. आजींनी ती छातीशी धरली.

"टक्के ते टक्केच!" साहेब म्हणाले. "आपली जुनीच पद्धत बरी."

मुलीने हळूच विचारलं, "काका, माझं कुठे चुकलं असेल?"

"मला नाही बुवा कळत ते व्हेरिएबल-बिरिएबल. आम्ही जुनी माणसं."

संध्याकाळी त्यांनी बायकोला सगळं रंगवून सांगितलं.

"मग तिला सांगितलंत ना, काय चुकलं ते?"

त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

सकाळी पिशवी खाली ठेवायच्या आत मुलगी धावत आली. "काका, सापडलं! मोकळ्या जागा होत्या हो! आता लांबी शब्दापुरतीच ठेवली, सगळं चालतंय. साहेबांना अजून नाही बोलले. म्हटलं, आधी तुम्हाला सांगू. इथे दुसऱ्या कोणाला कळणार आहे याचं मोल?"

मला ठाऊक होतं, असं म्हणायची टक्क्यांना आता सोय नव्हती. कळत नाही असं कालच सांगून बसले होते.

"थांबा, समजावते." तिने खुर्ची ओढली, कागदावर 'काठी' लिहिलं आणि पुढे एकेक रिकामा चौकोन काढत सावकाश, धाकट्या भावंडाला शिकवावं तसं सांगितलं. "कळलं ना काका? नसेल तर परत सांगते, त्यात काय लाजायचं?"

"परत सांग," टक्के म्हणाले.

तिने नवा कागद घेतला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.