कोटाचा आतला खिसा

बाळारामने लडकूला दोनदा खुर्चीवरून उठवलं आणि तिसऱ्यांदा थेट पुढच्या रांगेत नेऊन बसवलं. वडप्याच्या नव्या गोदामासमोर मांडव घातला होता. जर्मनीचे राजदूत फीत कापायला येणार होते आणि त्यांना ओळखणारा माणूस साऱ्या पंचक्रोशीत एकच, लडकू पाटील. गोदामाखालची जमीन बाळारामची, माणसं पुरवायचा ठेकाही त्याचाच. आजवर त्याने लडकूला कधी चहा विचारला नव्हता.

"काका, निस्ता हात मिलवा, फोटो काढा. बाकी काय बोलू नका," तो कानाशी येऊन म्हणाला.

लडकूने मान हलवली. सदऱ्याच्या खिशात अर्ज होता.

अर्ज त्याच्या नातीने, क्षितिजाने, इंग्रजीत लिहिला होता. ती आणि आणखी एकतीस बायका याच कंपनीच्या वळ गावातल्या गोदामात तीन वर्षं पॅकिंगला होत्या. बारा तास उभ्याने काम. बसायला स्टूल मागितलं, तर दुसऱ्या दिवशी गेटवर सगळ्यांना परत फिरवलं. कंपनी म्हणे ठेकेदाराला विचारा, ठेकेदार म्हणे कंपनीला. राजदूताने एक शब्द टाकला तर कामं परत मिळतील, एवढीच आशा उरली होती. बत्तीसही जणी फाटकाबाहेर उन्हात उभ्या होत्या.

हार्टविग साहेब तीस वर्षांपूर्वी मुंबईच्या वकिलातीत लहान अधिकारी म्हणून आला, तेव्हा त्याची गाडी लडकू चालवायचा. चार वर्षं. साहेब त्याच्याकडून हिंदी शिकला, त्याच्या घरी मांडी घालून तांदळाची भाकरी आणि खाडीची कोलंबी जेवला. मग बदली झाली. केनिया, पोलंड, व्हिएतनाम, दर बदलीला एक पायरी वर. आता दिल्लीत राजदूत. लडकू ड्रायव्हरचा ड्रायव्हरच निवृत्त झाला आणि साठी उलटल्यावर साक्षरता वर्गात बसून अक्षरं गिरवायला शिकला.

गाड्या आल्या. साहेबाचे केस पांढरे झाले होते, पण चाल तीच. त्याने लडकूला लगेच ओळखलं. त्याचा हात दोन्ही हातांत धरून तो मोठ्याने हसला.

"लडकूजी, अभी भी गाडी इतनी तेज चलाते हो?"

मांडव हसला. लडकूही हसला, आणि त्याच हसण्यात त्याने अर्ज पुढे केला. बाळारामचा चेहरा उतरला. साहेबाने चष्मा लावून कागद शेवटपर्यंत वाचला. मग त्याची नीट घडी घातली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि वर हात ठेवला.

"मैं खुद देखूँगा."

फाटकाबाहेर टाळ्या वाजल्या. कुणीतरी लडकूच्या नावाने ओरडलंही.

लडकू त्या खिशाकडे बघत राहिला. साहेबाची कामाची रीत त्याच्याइतकी कुणाला ठाऊक नव्हती. ज्या कागदाचं काही करायचं, तो साहेब तिथल्या तिथे असिस्टंटला देई. असिस्टंट त्यावर नंबर टाकून फाईलला लावी. आतल्या खिशातले कागद गाडीत बसल्यावर निघत. साहेब ते पुढच्या सीटवर टाकी आणि म्हणे, रख दो. लोकांचे अर्ज, कुणाच्या औषधाचे, कुणाच्या व्हिसाचे. लडकूला तेव्हा वाचता येत नव्हतं. कागद चांगला जाड असे. चार वर्षं लडकूने गाडीची काच त्या कागदांनीच पुसली होती.

साहेब पुढे निघाला होता. आत्ता गप्प राहिलं तर महिनाभर तरी गाव त्याला डोक्यावर घेणार होतं. बायका वाट बघत घरी बसणार होत्या.

"साहब," लडकू म्हणाला. "कागज वापस दो."

साहेब थांबला. पहिल्यांदा त्याला कळलं नाही, मग कळलं. त्याचे कान लाल झाले. त्याने घडी काढून लडकूच्या हातावर ठेवली आणि फीत कापायला गेला. फोटोवाल्याने कॅमेरा खाली केला होता.

"म्हाताऱ्या, उद्यापासून माझ्या दारात दिसू नको," बाळाराम दातांत म्हणाला.

बाहेर क्षितिजा धावत आली. "आजा, काय केलंस हे? त्यांनी घेतला होता ना?"

"पुढं देनार न्हवता तो. गाडीत टाकला असता."

"तुला काय म्हाईत?"

लडकूने तिला काचेचं सांगितलं, सगळं. ती ऐकत राहिली. मागे उभ्या असलेल्या बायकांपैकी रंगूबाईनेही ऐकलं, पण तिच्या तोंडावर विश्वास नव्हता. सोमवारी ठाण्याला कामगारांच्या हापिसात हाच अर्ज देऊ, पोच घेऊ, नंबर घेऊ, असं तो म्हणाला. बायका टेम्पोकडे वळल्या. हापिसात वर्षं जातात, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यालाही.

परतीच्या टेम्पोत बायका दाटीने बसल्या. एकीनेही सरकून जागा दिली नाही. लडकूने अर्ज डोक्यावरच्या टोपीच्या आत सारला, एका हाताने लोखंडी दांडी धरली आणि हायवेच्या वाऱ्यात टोपी उडू नये म्हणून दुसऱ्या हाताने ती दाबून धरत वळपर्यंत उभाच राहिला.