भोंग्याचा घसा

"आ करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. भोंग्यानं आ केला, आणि आतून नुसती हवा आली.

देशाच्या फुटबॉल संघाच्या गोलकीपरला आम्ही भोंगा म्हणायचो, तेही तोंडावर. बापाची लाकडाची वखार होती. करवतीच्या आवाजात ऐकू जायचं तर पोरीला लहानपणापासून ओरडावंच लागलं. पुढे बोटं दोनदा मोडली, बाळंतपणानंतर सगळ्यांनी तिला मोडीत काढलं, तरी ती परत आली आणि पुन्हा ओरडायला लागली. गोलकीपरचं निम्मं काम तोंडाचंच असतं, कारण मागून सगळं मैदान तिलाच दिसतं. मी स्टॉपर, म्हणजे गोलासमोर उभी राहून आधी मार खाणारी. तिची बोलणी इतकी वर्षं मी पाठीवर झेलली. तिचा नवरा म्हणायचा, आमच्याकडे दूध उतू गेलं की अख्ख्या इमारतीला कळतं.

उपान्त्य सामन्यात वारा सुटला होता. त्याच्याशी भांडता भांडता तिचा घसा बसला. आता अंतिम सामना, आणि तिचा शेवटचा. आमचे प्रशिक्षक सर म्हणाले, मुकी गोलकीपर काय कामाची, दुसरीला उभी करू. प्रत्येक रेफ्रीशी हुज्जत घालणारी ही बाई स्वतःसाठी एक शब्द बोलू शकली नाही. खाली मान घालून हातमोज्याची बोटं ओढत बसली. मला ते बघवेना. एरवी मूग गिळून बसणारी मी, पण त्या दिवशी मला कंठ फुटला.

"सर, तिलाच उभी करा. ती काय ओरडणार ते मला पाठ आहे."

"आणि हरलो तर?"

"मग तुम्ही ओरडा आमच्यावर."

सामना सुरू झाला. पाठीमागे इतकं शांत होतं की मला धडकी भरली. एकदा मागे वळून पाहिलं. भोंगा ओठ हलवत होती, हात नाचवत होती. पुढचं मला बघायचीही गरज पडली नाही.

"डावीकडे सरक! झोपलीस का?" मी ओरडले. आमची धाकटी बॅक दचकून गोलाकडे बघायला लागली. तिला वाटलं, भोंग्याचा आवाज परत आला. मग मी थांबलेच नाही. तिची सगळी बोलणी, तिच्या सगळ्या शिव्या, तिच्याच चालीत.

आम्ही एका गोलानं पुढे होतो. अगदी शेवटी त्यांची फॉरवर्ड मला चकवून गेली आणि तिनं खालच्या कोपऱ्यात फटका मारला. तिथे माझं ओरडणं कामाचं नव्हतं. भोंगा आडवी झाली, आणि त्याच मोडक्या बोटांनी तिनं चेंडू खांबाबाहेर ढकलला.

शिट्टी वाजली. अख्खं स्टेडियम तिचं नाव घेऊन ओरडत होतं. चषक उचलून ती नुसती रडत होती, आणि मला तिचा इतका अभिमान वाटला की काय सांगू.

खोलीत आल्यावर मी तिला मिठी मारली. "जिंकलो गं," असं म्हणायला गेले, तर आतून नुसती हवा आली. भोंगा माझ्याकडे बघून आवाज न करता पोट धरून हसली. मग तिनं गुळण्यांसाठी आणलेलं मिठाचं पाणी अर्धं माझ्या पेल्यात ओतलं.