व्ही दाबा, दुकान वाढवा

कॅसेटच्या कोपऱ्यावरचा तो निळा डाग – शाईचा, त्याचं पेन गळायचं तेव्हाचा – हर्षदला आधी ओळखू आला आणि कॅसेट नंतर. लेबलवर बाराव्या वर्षीच्या त्याच्याच अक्षरात लिहिलेलं: 'दुकान, बाजू अ'. इतकी वर्षं ही दर्शनाकडे मुलुंडला कुठल्याशा डब्यात पडून होती, आणि आज रविवारी सकाळी धाकट्या बहिणीने ती आणून त्याच्या दिंडोशीच्या घरात चहाच्या कपाशेजारी ठेवली होती.

"माझ्या श्रुतिकाने केलं हं सगळं," दर्शना लॅपटॉप उघडत म्हणाली. "टेपवरून उतरवून घेतलं. म्हणते, मामाचा गेम अजून चालतो. झकास ना?"

"झकास," तो म्हणाला.

तेव्हाचा त्यांचा कॉम्प्युटर टीव्हीला जोडावा लागे, आणि खेळ गाण्यांसारखा कॅसेटवर भरून ठेवावा लागे. रबरी बटणांचा, आत्याच्या यजमानांनी दुबईहून आणलेला. टेपरेकॉर्डर पाच मिनिटं किंचाळायचा, मग पडद्यावर दुकान उगवायचं. मासिकात छापलेला खेळाचा प्रोग्रॅम सरबताच्या गाडीचा होता. हर्षदने मे महिनाभर एकेक ओळ टाइप करून त्याचं पार्ल्यातलं बाबांचं बांगड्यांचं दुकान केलं. किती डझन भरायच्या, काय भाव लावायचा, आणि मग यंत्र सांगणार – आज लग्नसराई, आज कडक ऊन, गिऱ्हाईक नाही. मराठी, पण इंग्रजी अक्षरांत. आणि अगदी खाली, शेवटच्या ओळीत: व्ही दाबा, दुकान वाढवा.

ती ओळ आता त्याच्यासमोर होती. दर्शनाने ते बटण दाबू नये, एवढंच त्याला हवं होतं.

कारण बाबा गेले त्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये, दोन श्वासांच्या मध्ये, म्हणाले होते, "हर्षद… दुकान वाढव आता." आणि त्याने वाढवलं. शेजारचा गाळा घेतला, काचेची कपाटं, झुंबरं, एसी… तीन वर्षांत दुकान गेलं, पाठोपाठ पार्ल्याचं घर गेलं, आणि आई इथे, याच खिडकीशी खुर्ची टाकून, पार्ल्याचं नावही न काढता एक दिवस संपली. नातेवाईक हळहळले – बापाचा शब्द पाळायला गेला आणि बुडाला बिचारा. बिचारा! वाढव म्हणजे मोठं कर. दुसरं काय असणार?

दुसरं काय… बाबा रोज शटर ओढताना म्हणायचे, चला, दुकान वाढवू या. बंद हा शब्द त्यांना तोंडातून काढवत नसे. बांगडीसुद्धा त्यांच्याकडे कधी फुटली नाही, वाढली. आणि बारा वर्षांच्या पोराला हे इतकं पक्कं ठाऊक होतं की त्याने यंत्राला तेच शिकवून ठेवलं होतं: व्ही दाबलं की दुकान बंद, खेळ खलास.

मला कळलं होतं. त्या खाटेशीच कळलं होतं… बाबा दमले होते, ते आवरायला सांगत होते. पण मला काचांचं दुकान हवं होतं, दिव्यांचं, माझं – आणि शब्द कसा हाताशी आयता आला! लाज वाटते. तेव्हाही वाटली होती, पण झुंबरांच्या उजेडात ती निभावून गेली.

"अय्या, बारा बांगड्या वाढल्या!" पडद्यावरचं वाचून दर्शना खुदकन हसली. "दादा, हे वाचून मी उड्या मारल्या होत्या, आठवतं? मला वाटलं, बारा जास्त मिळाल्या. आणि मग दुकान मोठं होईल म्हणून व्ही दाबलं… सगळं गेलं एकदम. केवढं भोकाड पसरलं मी! बाबांनी मांडीवर घेऊन समजावलं, वाढवणं म्हणजे काय ते. तू बाजूलाच बसून दात काढत होतास."

त्याला आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं.

आणि मग सावकाश लक्षात आलं… खाटेच्या दुसऱ्या बाजूला पाण्याचा पेला घेऊन हीच उभी होती. दुकान गेल्यावर काका भर बैठकीत गरजले होते – कोणी सांगितलं होतं तुला हे धंदे करायला? – तेव्हा त्याने तोंड उघडायच्या आत हीच म्हणाली होती, "बाबांनी. मी होते तिथे." तेवीस वर्षं तो समजत आला होता की दर्शू भोळी आहे.

"दर्शू… तुला तेव्हा…"

"चहा गार झाला बघ तुझा." तिने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "खेळ तुझा आहे. तूच वाढव आता."

त्याने बोट व्हीवर ठेवलं, पण दाबवेना. बहिणीचं एक वेळ समजलं… पण खिडकीशी ती रिकामी खुर्ची होती, आणि तिच्याकडे त्याला बघवेना. बाबांचे ते शब्द आईनेही ऐकले होते; मग ती काहीच कशी बोलली नाही? बांगड्या विकणाऱ्याची बायको ती. त्या शब्दाचा अर्थ तिला कोणी मांडीवर घेऊन समजावायची गरजच नव्हती.