बाटाचं विमान

“आप्पा, तिथे गेल्यावर फार बोलू नका हं,” गाडी नदीकाठच्या रस्त्याला लावताना प्रसन्न म्हणाला.

“मी कशाला बोलतोय? मला कुठं येतीय त्यांची भाषा?” पंढरीनाथ खिडकीबाहेर बघत म्हणाले. “तूच बोल. मी आपला विमान बघतो.”

नागोयाहून निघून पन्नास मिनिटं झाली होती आणि या पन्नास मिनिटांत प्रसन्नने हवामान, टोल आणि जपानी तांदूळ या तीन विषयांवर भरपूर बोलून घेतलं होतं. जे सांगायचं होतं ते तेवढं राहिलं. निघताना बायकोने, ज्ञानदाने, दारात बजावलं होतं, “गाडीत सांगून टाक रे. आप्पा काही रागावणार नाहीत.” आप्पा रागावणार नाहीत हीच तर पंचाईत होती. रागावणाऱ्या माणसापुढे निदान मान खाली घालून उभं तरी राहता येतं.

पंढरीनाथ खटावकरांनी छत्तीस वर्षं कराडच्या बाटाच्या दुकानात काढली. गिऱ्हाईक बसायचं, आप्पा त्याच्यापुढे गुडघ्यावर बसायचे, पाय हातात घेऊन माप घ्यायचे, बूट चढवायचे आणि अंगठ्याने पुढचं टोक दाबून बघायचे. गावात निम्म्या लोकांच्या पायांचे नंबर त्यांना तोंडपाठ होते. शाळेत असताना एकदा प्रसन्नच्या वर्गातल्या एका मुलापुढे आप्पा असे बसलेले प्रसन्नने दाराबाहेरून पाहिले, आणि त्या दिवसापासून तो शाळेतून मागच्या गल्लीने घरी यायला लागला. पुढे इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर कोणी विचारलं, तर “वडील कंपनीत आहेत” एवढंच सांगायचा. खोटं नव्हतं. कंपनी मोठीच होती.

तीन वर्षांपूर्वी याच सवयीने त्याचा घात केला. त्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेले हायाशी-सान त्याला इथल्या विमानप्रेमींच्या क्लबच्या शेडमध्ये घेऊन आले होते. पाच म्हातारे मिळून एक जुनं चेक विमान दुरुस्त करत होते. दोन माणसं एकामागे एक बसतील असं, कसरती करणारं, नाकावर ‘झ्लीन’ लिहिलेलं. प्रसन्नला लहानपणी आप्पांनी सांगितलेली बाटाच्या झ्लीन गावची गोष्ट एकदम आठवली आणि तो बोलून गेला, “ज्या कंपनीने ही विमानं सुरू केली, त्या कंपनीत माझे वडील छत्तीस वर्षं होते.”

हायाशी-सानचे डोळे विस्फारले. “इंजिनिअर?”

आणि प्रसन्न ‘हो’ म्हणाला.

एकाक्षरी थाप, पण तिने तीन वर्षं चांगलं बाळसं धरलं. दर नववर्षाला आप्पांच्या नावाने शुभेच्छापत्र यायला लागलं. ऑफिसात ‘खटावकर-सानचे वडील विमानं बांधायचे’ हे सगळ्यांना ठाऊक झालं. प्रसन्नलाही ते ऐकायला आवडायला लागलं, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

आता आप्पा शहात्तराव्या वर्षी पहिल्यांदा जपानला आले होते, आणि हायाशी-सानचं निमंत्रण कसं टाळायचं हे प्रसन्नला सुचलं नव्हतं.

क्लबच्या दारात पाचही म्हातारे टोप्या काढून उभे होते. आप्पांनी हात जोडले, त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला. पायरीवर बूट काढून सपाता घातल्या आणि सगळे आत गेले. टेबलावर हिरवा चहा होता. मधल्या खुर्चीपुढे जाड कागदाची पाटी उभी केली होती, खास पाहुण्यासाठी इंग्रजीत लिहिलेली. आप्पांनी चष्मा लावला आणि बोट फिरवत वाचलं : मिस्टर पंढरीनाथ खटावकर, एरोप्लेन इंजिनिअर.

त्यांनी प्रसन्नकडे पाहिलं. “हे कोण?”

“आप्पा, घरी गेल्यावर सांगतो.”

गिऱ्हाईक समोर असताना दुकानातल्या माणसांनी आपसात वाद घालायचा नाही, हा आप्पांचा जुना शिरस्ता. ते त्या पाटीमागे बसले आणि दोन्ही हातांनी पेला उचलून चहा प्यायले.

हायाशी-साननी कारखान्याची काही आठवण सांगायची विनंती केली. आप्पा जरा विचारात पडले, मग हळूहळू बोलायला लागले. नोकरीला लागल्यावर कंपनीने कलकत्त्याजवळ ट्रेनिंगला नेलं होतं, तिथे ही गोष्ट ऐकलेली. “बाटांचं मूळचं घराणं चांभाराचं, पिढ्यान्‌पिढ्या. त्यातल्या एकानं बुटांचा कारखाना काढला, एवढा मोठा की मालाच्या आणि माणसांच्या ये-जासाठी स्वतःची विमानं घेतली. बत्तीस साली एका सकाळी दाट धुकं होतं. लोक म्हणाले, थांबा थोडं. मालक थांबले नाहीत. विमान धावपट्टीजवळच पडलं, मालक गेले. दुसरं कोणी असतं तर विमानाचं नाव टाकलं असतं. ह्यांनी पुढच्या दोन-चार वर्षांत स्वतःच विमानं बांधायला घेतली. लढाईनंतर सगळं सरकारकडं गेलं, पण त्या विमानांवर किती देशांची पोरं उडायला शिकली!”

प्रसन्न भाषांतर करत होता. ‘चांभार’ आणि ‘बूट’ हे दोन शब्द त्याने सफाईने गाळले. म्हातारे माना डोलावत होते, एक जण तर टिपून घेत होता.

मग सगळे शेडमध्ये गेले. आप्पांनी पंखावर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. शेजारच्या टेबलावर विमानाचं सुकाणू ठेवलं होतं. हलक्या धातूचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड, आणि ते जागोजागी हाताने टाचलेलं. आप्पांनी वाकून पाहिलं.

“शिवण झकास आहे. पण इथं, ह्या तीन टाक्यांना ताण कमी पडलाय. दोरा ओला असताना ओढला असणार.”

हे प्रसन्नने जसंच्या तसं सांगितलं, कारण त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. पाचही म्हातारे टेबलावर वाकले. कोणीतरी मोठ्याने श्वास आत ओढला. ते तीन टाके खरोखरच शेवटी, घाईत, पावसाळी दिवशी घातलेले होते.

“कारखान्यात आपण कुठल्या विभागात होता?” हायाशी-साननी अत्यंत आदराने विचारलं.

प्रसन्नने प्रश्न सांगितला. आप्पा सरळ त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाले, “सांग त्यांना, मी दुकानात होतो. कराडला. बूट विकायचो. विमानाला आज पहिल्यांदा हात लावला. सांग.”

त्यांनी वाट मोकळी करून दिली होती. नुसतं बोलायचं होतं. प्रसन्नने तोंड उघडलं आणि शुद्ध, सभ्य जपानीत म्हणाला, “वडील म्हणतात, फार वर्षांनी विमानाला हात लागला.”

हायाशी-सानचा चेहरा उजळला. आप्पांना जपानी येत नव्हतं, पण माणसाचा चेहरा वाचण्यावर त्यांचं छत्तीस वर्षं पोट चाललं होतं. बूट विकणाऱ्याला पाहून कोणाचा चेहरा असा उजळत नाही, हे त्यांना पक्कं माहीत. त्यांनी नजर खाली केली. प्रसन्नला वाटलं, त्यांनी चार लोकांत एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

एवढ्यात एका म्हाताऱ्याने फळीला लावलेला कागद आणला. सुकाणूच्या कामाची यादी. प्रत्येक ओळीपुढे सहीऐवजी कोणाचा ना कोणाचा लाल शिक्का उमटलेला, आणि शेवटचा चौकोन रिकामा. हायाशी-साननी खिशातून एक छोटी डबी काढून दोन्ही हातांनी पुढे केली. आत लाकडी शिक्का होता, आप्पांचं आडनाव जपानी अक्षरांत कोरलेला. खास करवून घेतलेला.

“हे काय?”

“शिक्का आहे, आप्पा. तुमच्या नावाचा. त्या चौकोनात मारायचा.”

“काय लिहिलंय तिथं?”

“अंतिम तपासणी.”

“म्हणजे ह्याच्यावर माणूस बसून वर जाणार, आणि तपासलं कुणी? मी?”

“नुसता मान म्हणून आहे हो आप्पा. परत सगळं तपासतात ते. मारा ना. प्लीज.”

आप्पांनी शिक्का उलटसुलट करून पाहिला, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि तो परत डबीत नीट ठेवला. मग ते हायाशी-सानकडे वळले आणि दुकानात कधीमधी परदेशी गिऱ्हाइकांशी बोलायचे तसल्या इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून बोलले.

“सर. आय अ‍ॅम सेल्समन. बाटा शू शॉप. थर्टी सिक्स इयर्स. एरोप्लेन, टुडे फर्स्ट टाइम. माय सन डज नॉट नो. आय टोल्ड हिम राँग. माय मिस्टेक. व्हेरी सॉरी, सर.”

आणि दारात त्या पाच जणांनी जसा केला होता तसा, कमरेत वाकून, त्यांनी नमस्कार केला. शहात्तर वर्षांच्या कमरेला तो नीट जमला नाही, पण ते लवकर उठलेही नाहीत.

प्रसन्नला अजूनही बोलता आलं असतं. ‘नाही, खोटं मी बोललो,’ एवढंच. तो फळीवरच्या कागदाकडे बघत राहिला.

हायाशी-साननी डबी दोन्ही हातांनी परत घेतली आणि आप्पांपुढे त्यांच्याहून खाली वाकले. मग प्रसन्नकडे न बघता म्हणाले, “खटावकर-सामा, कृपया वडिलांना सांगावं, की त्यांनी शिक्का मारला नाही याबद्दल आम्ही अत्यंत ऋणी आहोत. ते तीन टाके आम्ही उसवून पुन्हा घालू.”

तीन वर्षं ते त्याला ‘खटावकर-कुन’ म्हणत आले होते, घरच्या पोराला म्हणावं तसं. आज एकदम ‘सामा’ झालं, परक्या बड्या माणसाला म्हणावं तसं. ज्याने जपानात चौदा वर्षं काढली आहेत, त्याला एवढा आदर मिळण्याचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही.

निरोप झाला. आप्पा दाराच्या पायरीवर टेकले आणि बुटांकडे वाकले, पण गुडघा आखडला होता, पाय आत जाईना. प्रसन्न पुढे झाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो कोणाच्या पायांपुढे गुडघ्यावर बसला आणि त्याने बूट हातात घेतला.

आप्पांनी पाय मागे घेतला.

“राहू दे,” ते हळू आवाजात म्हणाले. त्यात राग नव्हता, काळजी होती. “तुझी माणसं बघतायत.”

त्यांनी त्याच्या हातातून बूट काढून घेतला, टाच सरकवली, आणि नाडी बांधायला सुरुवात केली. पहिली गाठ सुटली, त्यांनी पुन्हा बांधली. प्रसन्न तिथेच गुडघ्यावर बसून होता. दारातले पाच म्हातारे नदीकडे तोंड करून उभे राहिले.