पेसाच्या नावाने पुरलेलं

पेसाची होडी प्रवाळाच्या भिंतीबाहेर उलटी सापडली. पेसा सापडला नाही. समुद्रात गेलेल्या माणसाचा जीव घरी आणायचा असतो, नाहीतर तो भटकत राहतो. फेतुआओ त्याची बहीण. तिने किनाऱ्यावर झाडाच्या सालीचं कापड अंथरलं, भावाला हाक मारली आणि वाट बघत बसली.

एक खेकडा कापडावर चढला. तिने झटकला. परत आला, परत झटकला. तिसऱ्यांदा तो मधोमध येऊन थांबला.

"आता राहू दे," सुलू आत्या म्हणाली. "तोच आहे. जेवायलासुद्धा तीन हाकांशिवाय कधी आला नाही मेला."

फेतुआओने कापडाचं गाठोडं बांधलं. आम्ही ते घरामागे पुरलं आणि वर काळे दगड रचले.

पुढच्या रविवारी चर्चहून परतलो, तर पेसा घरात बसून भाजलेला नीरफणस खात होता. दुसऱ्या बेटावरच्या कोळ्यांनी त्याला वाचवलं होतं. फेतुआओ त्याच्या गळ्यात पडून रडली. आत्याने त्याचे पाय चाचपून पाहिले.

"मेलेल्याला भूक बरी लागते रे!"

पेसा हसला. मग बिनभिंतींच्या घरातून त्याचं लक्ष मागच्या दगडांकडे गेलं. "आपल्यात कोण गेलं?"

फेतुआओने त्याच्यापुढे आणखी नीरफणस सरकवला.

दुसऱ्या दिवशी फेतुआओने त्याला हाक मारली. "ओ" दगडांकडून आली, पेसाच्याच आवाजात. पेसा तिच्यासमोर तोंड मिटून उभा होता. पुढे दर हाकेला तसंच होऊ लागलं, आणि इकडे पेसाचा आवाज बसत चालला. आठवडा सरता सरता त्याचे नुसते ओठ हलायला लागले.

"उकरून समुद्रात टाकते," फेतुआओ म्हणाली.

"बोलावून आणलेल्याला हाकलतेस?" आत्या म्हणाली. "तूच त्याला पेसा म्हणालीस. त्याच्याकडे दुसरं नाव आहे कुठे?"

लेमाना काका कुळाचे प्रमुख. त्यांनी बराच विचार केला. "मेलेल्याकडून नाव काढून घेता येत नाही. जिवंत माणसाला बदलून देता येतं. कुळातलं तालीमौ हे मानाचं नाव रिकामं आहे, ते पेसाला देऊ."

कुळातल्या मानकऱ्यांची सभा आमच्याच घरात बसली. ज्याचा त्याचा खांब ठरलेला, ज्याची त्याची पाठ त्याला टेकलेली. कावा, म्हणजे सभेत मानाने द्यायचं मुळांचं पेय, घोटून झाला. पुकारणाऱ्याने आवाज दिला, "तालीमौचा प्याला!"

ओ द्यायला पेसाने तोंड उघडलं.

"ओ," दगडांकडून उत्तर आलं. हा आवाज पेसाचा नव्हता. खूप म्हाताऱ्या माणसाचा होता. प्याला नेणारा जागीच थबकला.

फेतुआओ उठली आणि तिने त्याच्या हातातून प्याला घेतला.

"पोरी, बस खाली," लेमाना म्हणाले.

"काका, मान त्याला द्या. भाऊ मला द्या."

ती घरामागे गेली आणि सगळा कावा तिने दगडांवर ओतला. लेमाना काकांनी तिला अडवलं नाही. दगडांनी तो शोषून घेतला. एक थेंबही खाली ओघळला नाही.

"फेतुआओ," पेसाने मागून हाक मारली. घोगरा, पण त्याचाच आवाज.

आता तिने हाक मारली की पेसाच ओ देतो. सभेत लेमाना काकांच्या शेजारचा खांब तालीमौचा. तिथे चटई अंथरतात, कोणी बसत नाही. काही ठरवण्याआधी काका त्या बाजूला कान देतात. परवा आंब्याखाली विहीर खणायची, यावर सगळ्यांचं एकमत झालं होतं. काकांनी कान दिला, जरा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "तिथे खणायचं नाही."

का, ते कोणी विचारलं नाही.