आईने लावलेल्या वायरी

थोरली राउटर बनवणाऱ्या एका कंपनीत होती आणि धाकटी तिच्या प्रतिस्पर्धी कंपनीत. दोन्हींचे राउटर एका घरात आले की गोंधळ ठरलेला. सेटिंग करता करता गिऱ्हाईक मेटाकुटीला यायचं. शेवटी दोन्ही कंपन्यांनी ठरवलं, की राउटरांनी एकमेकांशी एकाच भाषेत बोलावं आणि रस्ते आपापले शोधावेत. घरच्यांनी फक्त वायर खोचायची. हे काम नेमकं दोघी बहिणींच्या टीमकडे आलं.

प्रयोगशाळेत सगळं सुरळीत चाललं. थोरलीचं मात्र समाधान होईना. "तिथे वायरी आपणच लावतो. खरी परीक्षा आईकडे."

दोघी आपापल्या कंपनीचा एकेक राउटर घेऊन तिच्याकडे गेल्या. आई शिवणकाम करायची. खाली दुकान, वर घर.

"कुठली वायर कुठे?" तिने विचारलं.

"तुला वाटेल तिथे," धाकटी म्हणाली.

आईने मनाला येईल तशा वायरी खोचल्या आणि दोन्ही राउटर एकदमच चालू केले. खालचं नेट गेलं, वरचंही गेलं. तिचा चेहरा उतरला. "केली ना मी गडबड?"

"तू नाही गं, आम्ही," म्हणत थोरलीने लॅपटॉप उघडला.

दोन्ही राउटर 'घरातला मुख्य मीच' म्हणून अडून बसले होते. प्रत्येक राउटरला एक क्रमांक असतो; अशा वेळी लहान क्रमांकाच्या राउटरने माघार घ्यायची, असं ठरलं होतं. थोरलीच्या टीमने ते नेमकं उलटं धरलं होतं आणि इथे लहान क्रमांक त्यांच्याच राउटरचा होता, त्यामुळे कोणीच मागे सरेना. प्रयोगशाळेत राउटर एकापाठोपाठ एक चालू करत, म्हणून हा तंटा कधी उठलाच नव्हता.

थोरलीने तिथूनच साहेबांना फोन लावला. "चूक आपली आहे. त्यांचं बरोबर आहे. मी दुरुस्त करते."

"ताई, मी एवढ्या चटकन कबूल केलं नसतं हं," धाकटी म्हणाली. तिला बहिणीचा फार अभिमान वाटला.

दुरुस्ती झाल्यावर आईने पुन्हा वायरी खोचल्या, या वेळी मुद्दाम आणखी वेड्यावाकड्या. राउटरांवरचे दिवे क्षणभर लुकलुकले आणि स्थिर झाले. वर बाबांच्या बातम्या सुरू झाल्या, खाली दुकानाचा संगणक चालू लागला.

"कोणाला बोलावलंत जोडायला?" ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या बाईंनी विचारलं.

"कोणालाच नाही. आपलं आपण जुळतं ते," आई ताठ मानेने म्हणाली. "माझ्या दोघी मुलींनी बनवलंय!"

बाईंचं माप घ्यायचं राहिलंच. आधी त्यांना सगळी हकिगत ऐकावी लागली.