पाहुण्यांचा डबा

मी नवऱ्याला तोंडावर अहो-जाहो करते आणि नवरा कर्जाला करायचा. यात जास्त मान कोणाला मिळाला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

झालं असं, की नवऱ्याने स्वतःचं केस कापायचं दुकान टाकलं तेव्हा दोन खुर्च्यांसाठी कर्ज काढलं. साध्या खुर्च्या नव्हेत. पायाने दांडी दाबली की वर जाणाऱ्या, मागे रेलणाऱ्या, गर्रकन फिरणाऱ्या. त्याच्या आईला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, यातलं काही कळू द्यायचं नव्हतं. सासरे होते तेव्हा वसुलीवाल्यांनी भर दुपारी, शेजाऱ्यांच्या देखत घरातला पलंग उचलून नेला होता. त्या दिवसापासून कर्ज हा शब्द घरात काढायचा नाही, अशी सासूबाईंची सक्त ताकीद. नवरा आज्ञाधारक. त्याने शब्द काढला नाही, नुसतं कर्ज काढलं.

मग हप्त्याबद्दल बोलायचं कसं? नवऱ्याने तोड काढली. कर्जाला पाहुणे म्हणायचं. एक तर ते बोलावल्याशिवाय आलेले नव्हते, आणि दुसरं म्हणजे जायचं नाव घेत नव्हते. "पाहुण्यांचं या महिन्याचं झालं का?" असं तो दुकानातून फोनवर विचारायचा आणि मी "झालं" म्हणायचे. गिऱ्हाइकांनाही पत्ता लागायचा नाही. आपल्या हुशारीवर आम्ही दोघंही खूश होतो.

अशात सासूबाई चार दिवसांसाठी आमच्याकडे आल्या आणि टाळेबंदी लागली.

त्यांचं घर दुसऱ्या गावात. तिथे त्या एकट्या राहतात आणि तिथल्या प्रत्येक दाराच्या बिजागरीला स्वतः तेल घालतात. आमच्याकडे आल्या आल्या त्यांनी पहिला घोट घेऊन सांगितलं, "चहात साखर फार घालतेस." मग बाथरूमचा नळ गळतो, पडदा आखूड आहे, शिवताना मी मशीनवर वाकून बसते, हे सगळं ओळीने झालं. मी मनात म्हटलं, चारच दिवस आहेत, काढू कसेतरी. आणि गाड्या बंद झाल्या.

दुकानाला कुलूप लागलं. भाडं मात्र चालूच. थोड्या दिवसांनी नवऱ्याने जागा सोडली आणि परवानगी काढून दोन्ही खुर्च्या घरी आणल्या. आमची बाहेरची खोली ती केवढी. त्यात दोन फिरत्या खुर्च्या, भिंतीला टेकवलेला मोठा आरसा आणि माझं शिलाई मशीन. चालायचं तर अंग चोरून. सासूबाईंना मात्र खिडकीजवळची खुर्ची एकदम आवडली. त्यात बसून त्या रस्त्यावर लक्ष ठेवायच्या आणि कोण तोंड न झाकता चाललंय ते आम्हाला सांगायच्या.

"या कितीला पडल्या रे?" त्यांनी एकदा विचारलं.

"साठवलेल्यातून घेतल्या," नवरा म्हणाला आणि पाणी प्यायला आत गेला.

फायनान्स कंपनीचा फोन आला. साहेब गोड बोलत होते. काही महिने हप्ता भरू नका, सवलत आहे म्हणाले. मी विचारलं, व्याजाचं काय? तेव्हा साहेबांना दुसरा फोन आला. नंतर कळलं ते असं, की व्याज थांबणार नव्हतं आणि न भरलेल्या व्याजावरही व्याज चढणार होतं. आणि सवलत न घेता हप्ते तुंबले, तर खुर्च्या उचलून नेणार. पुन्हा एकदा, त्याच बाईच्या डोळ्यांदेखत, त्याच कुटुंबातलं सामान. नवरा त्या दिवशी जेवला नाही. मी म्हटलं, "सवलत नको. उलट जास्त भरू आणि एकदाचे घालवू पाहुण्यांना."

घरातला पैसा मी डब्यांत ठेवते. घरभाड्याचा डबा, वाणसामानाचा डबा, विजेचा डबा. आता बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा रिकामा करून तो पाहुण्यांचा केला. बाकी सगळ्या डब्यांतून ओरबाडून त्यात टाकायचं, हा नियम. दूध कमी केलं. भाजीत बटाटा वाढवला. पंखा एकाच खोलीत.

आणि काम आलं ते भलत्याच बाजूने. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनी आमच्या दाराच्या कडीला पँटींची पिशवी अडकवली आणि जिन्यावरून ओरडले, "कमरेत दोन बोटं सोडा." घरात बसून मास्तर सुटले होते. मग त्यांच्या मिसेसच्या पिशवीतून ब्लाऊज आले, मग समोरच्या इमारतीतून पँटी. जग ठप्प झालं होतं, पण कंबरा वाढतच होत्या. कुठे जायचं नाही, कोणाला भेटायचं नाही, तरी प्रत्येकाला आपली पँट आपल्याला बसायला हवी होती. माणसाचा हा स्वभाव मला फार आवडतो. माझा चरितार्थ त्यावर आहे.

नवरा न्हावी असल्यामुळे उसवायला बसला. ब्लेडवर हात बसलेला, पण घाई फार. दोन पँटींची शिवण सोडून कापडच कापलं. सासूबाईंनी त्याच्या हातातून ब्लेड घेतलं. "उसवते मी. तू शिव," मला म्हणाल्या. टाका न टाका अलगद उचलायच्या, कापडाला ओरखडा नाही. पँट उलटी करून आतली शिवण बघायच्या. आत कापड जास्तीचं सोडलेलं असलं तर कमर सैल करता येते. शिंपी त्याला माया म्हणतात. बाजारातल्या तयार पँटींत ती नसतेच. "यात मायाच ठेवलेली नाही," असं म्हणून सासूबाई पँट बाजूला ठेवायच्या आणि मी मालकाला निरोप पाठवायचे, की मालक, आता जेवण कमी करा.

आता इथेच सांगून टाकते, मला गोष्टीत लपवाछपवी जमत नाही. आमच्या घराची मधली भिंत म्हणजे नावाला भिंत. आम्ही दोघं आत बोलायचो आणि बाहेर सासूबाईंना सगळं ऐकू जायचं. आम्ही काय बोलायचो? "पाहुणे आणखी किती महिने?" "पाहुण्यांनी खाऊन टाकलं आपल्याला." "एकदा हे गेले की पुन्हा दारात उभं करायचं नाही." "आई झोपली का बघ, मग पाहुण्यांचं बोलू." आणि सासूबाईंना वाटलं, पाहुणे म्हणजे त्या.

का नाही वाटणार? चार दिवसांसाठी आलेलं माणूस दुसरं कोण होतं घरात? मी त्यांना अहो आईच म्हणते, तेव्हा 'पाहुणे जातील' हे बोलणंही त्यांना चपखल लागू पडत होतं. वर त्यांच्या समोर तो डबा. घरात दूध कमी, पंखा बंद, आणि मी पैसे टाकताना पुटपुटणार, "हे पाहुण्यांच्या नावाने." आपल्या खाण्यापिण्याला लेकाला वेगळा डबा करावा लागतोय, अशी त्यांची समजूत झाली.

आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. दिसत होतं सगळं, पण आम्ही त्याचा भलताच अर्थ लावत होतो. सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीतून उठल्या आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसायला लागल्या. मी म्हटलं, तिथे वारा येत असेल. दुपारचा चहा त्यांनी सोडला. मी म्हटलं, पित्त झालं असेल. जेवताना पुन्हा वाढायला गेलं की ताटावर आडवा हात. पहाटे माझ्या आधी उठून उसवायला बसायच्या. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी नावं ठेवणं बंद केलं. नळ गळत होता, पडदा आखूडच होता, मी वाकूनच बसत होते, पण बाई चकार शब्द बोलत नव्हत्या. चहा कसा झालाय विचारलं तर, "छान झालाय गं."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मी नवऱ्याला म्हटलंसुद्धा, "टाळेबंदीचा आईंना गुण आला."

"मला नाही बरं वाटत," तो म्हणाला. "ती छान म्हणते म्हणजे काहीतरी बिघडलंय."

पण विचारायला गेला की त्या एकच विचारायच्या, "गाड्या कधी सुरू होतील रे?" आम्हाला वाटायचं, घराची ओढ लागली असेल, बिजागऱ्यांची काळजी असेल. खरं म्हणजे आम्ही कर्ज फिटायची वाट बघत होतो आणि त्या रस्ता मोकळा व्हायची, आणि तिघांचा डोळा एकाच डब्यावर होता.

डबा भरत गेला. नवरा रोज सकाळी तो हलवून बघायचा. नियम सैल झाले तसं त्याने घरोघरी जाऊन केस कापायला सुरुवात केली. गच्चीवर, अंगणात, जिन्यात, जिथे म्हणतील तिथे. लोकांच्या केसांची झालेली दशा बघून तो जीव तोडून काम करायचा. मी सैल करत होते, सासूबाई उसवत होत्या. एका संध्याकाळी डब्यातले पैसे आणि खात्यातले पैसे मिळून शेवटच्या हप्त्यांपुरते झाले. नवऱ्याने सगळे एकदम भरले. आम्ही दोघं फोनकडे बघत बसलो. संदेश आला, आपले कर्ज खाते बंद करण्यात येत आहे.

नवरा खुर्चीत बसला, पायाने भिंतीला रेटा दिला आणि गोल फिरला. मग लहान पोरासारखा ओरडला, "गेले पाहुणे. गेले एकदाचे."

आतल्या खोलीचं दार उघडलं. सासूबाई बाहेर आल्या. हातात आल्या दिवशी आणलेली पिशवी, कपडे भरून बांधलेली.

"अजून गेले नाही," त्या म्हणाल्या. "सकाळच्या गाडीने निघतेय. गाड्या सुरू झाल्यात म्हणे."

खुर्ची अजून हळूहळू फिरत होती. नवऱ्याचं तोंड आरशाकडे गेलं, मग आईकडे आलं.

"तुमची काही चूक नाही," सासूबाई बोलत राहिल्या, अगदी शांत आवाजात. "चार दिवस म्हणून आले आणि तुमच्या गळ्यात पडले. भिंत पातळ आहे, ऐकू यायचं. जेवणापुरतं काम केलंय, बाकीचं मागून पाठवीन. तेवढा डबा आता बंद करा."

मला आधी काही कळलंच नाही. मग कळलं. मागचे सगळे महिने, तो ताटावरचा आडवा हात, तो स्टूल, तो छान झालेला चहा, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. मला रडू आलं आणि नवऱ्याचा असा राग आला, की हातात कात्री होती ती मी आधी खाली ठेवली.

"सांगा," मी त्याला म्हटलं. "तुमचे पाहुणे कोण ते सांगा आईंना."

तो खुर्चीतून उतरून आईसमोर उभा राहिला. शाळेतून चिठ्ठी आणल्यासारखा. "कर्ज होतं आई. या खुर्च्यांवर. पाहुणे म्हणजे ते कर्ज."

"कर्जाला कोण पाहुणे म्हणतं?"

"तूच सांगितलं होतंस, तो शब्द घरात काढायचा नाही."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी होय म्हणून मान हलवली. नवऱ्याने फोन पुढे केला. त्यांनी चष्मा लावून संदेश वाचला, पुन्हा वाचला. मग पिशवी खाली ठेवली.

"किती होतं?"

त्याने सांगितलं.

"व्याज?"

तेही सांगितलं.

सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसल्या. पाठ टेकली. आणि सुरू झाल्या. कर्ज काढताना आईला विचारायची पद्धत आहे की नाही, एवढं व्याज कबूल करताना डोकं कुठे गहाण ठेवलं होतं, जुन्या खुर्च्यांत बसून लोकांचे केस कापले जात नव्हते का, आणि आपला मुलगा आपल्याबद्दल असं बोलतो असं आईला वाटू देणारा मुलगा कसला मुलगा. इथे त्यांचा आवाज जरा फाटला. नवरा खाली बसून त्यांच्या गुडघ्यांना धरून सगळं ऐकत होता. मध्येच हसत होता, मध्येच डोळे पुसत होता. मी उसवत बसणाऱ्या त्या हातांकडे बघत होते. डब्यातले निम्मे पैसे त्या हातांचे होते.

"म्हणजे मीच मला हाकलायला राबत होते," त्या शेवटी म्हणाल्या आणि त्यांना हसू फुटलं. मग आम्हा तिघांनाही आवरेना.

सकाळची गाडी गेली. पिशवी रिकामी झाली. नवऱ्याने खुर्ची आरशासमोर ओढून त्यांच्या केसांची टोकं कापली. तो पुढचे किती दिवस राहशील असं विचारणार होता, मी डोळे वटारले, तसा पुन्हा कापायला लागला.

मी चहा केला. सासूबाईंनी एक घोट घेतला आणि कप माझ्यासमोर धरला.

"साखर ओतलीस की काय यात? गोड मिट्ट. घेऊन जा."

मी कप घेतला आणि दुसरा चहा टाकायला आत गेले. ओट्याशी उभी राहून तो गोड चहा मीच पिऊन टाकला, आणि बाहेरून आवाज आला, "आणि तो नळ अजून गळतोय."